कॉलेजच्या समितीतल्या चार खुर्च्या आणि गोंदियातला मुस्लिम समाज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वर्षी आत आलेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला असणार. मेजर, मायनर, क्रेडिट, कौशल्याचे विषय, ऑन जॉब ट्रेनिंग हे शब्द आता बी.ए.च्या पोरांच्याही तोंडी आहेत. पण हे सगळं जुळवून आणायचं कोणी? तर प्राचार्यांनी. नॅकची फाइल त्यांच्याच टेबलावर, शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्जही तिथेच. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि बरेचसे तास सीएचबीवर शिकवणारे घेतात. विद्यापीठ नागपूरला. देवरी किंवा सालेकशाच्या कॉलेजने मुलांना प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी पाठवायचं म्हटलं, तर पाठवायचं कुठे, इथून सुरुवात आहे.

अशा वेळी प्राचार्यांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना बाहेरच्या जाणत्या माणसांचा विनामोबदला सल्ला मिळावा, ही सोय कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी तिचा अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव. सोबत संस्थेचे सचिव, शिक्षकांचे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी. आणि चार माणसं बाहेरची. ही चौघं स्थानिक असावीत, शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतली असावीत, त्यांतला निदान एक तरी कॉलेजचा माजी विद्यार्थी असावा. त्यांची नेमणूक व्यवस्थापन प्राचार्यांशी विचारविनिमय करून करतं. मुदत पाच वर्षं, बैठका वर्षातून किमान चार.

ही समिती नुसती चहा-बिस्किटाची नाही. कॉलेजचा विकास आराखडा, अंदाजपत्रक, नव्या अभ्यासक्रमांची शिफारस, विद्यार्थी कल्याण, लेखापरीक्षणाचा अहवाल, नॅकचा अहवाल, एवढं सगळं तिच्यासमोर येतं. आपल्याकडे मात्र या चार खुर्च्यांबद्दल कोणी बोलत नाही. निवडणूक आली की स्वतंत्र मुस्लिम कॉलेजची मागणी होते, निवेदनं दिली जातात, फोटो निघतात. चांगली मागणी आहे, पण गोंदिया जिल्ह्यात आपली लोकसंख्या दोन टक्क्यांच्या आसपास. आठ तालुक्यांत विखुरलेल्या एवढ्या समाजाची मुलं पुढची कितीतरी वर्षं इतरांच्याच कॉलेजात शिकणार आहेत. मग त्या कॉलेजात निर्णय होतात तिथे आपलं माणूस का नको?

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के. केंद्राच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये उच्च शिक्षणातल्या एकूण प्रवेशांत आपला वाटा ४.६ टक्के. आदल्या वर्षी देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, ते १९.२ लाखांवर आले. ते कोविडचं वर्ष होतं, मान्य. पण त्याच वर्षी इतर समाजांचे प्रवेश वाढले. पुढच्या वर्षी आपला आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला, म्हणजे होतो तिथेच परत आलो. मुलं मधेच का गळतात हे दिल्लीच्या अहवालात शोधून सापडायचं नाही. ते कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर सापडतं.

एक उदाहरण घेऊ. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला नाही, नॉन क्रीमीलेअर वेळेत काढलेलं नाही, की झाली मुलगी सवलतीतून बाहेर. घरचे म्हणतात, राहू दे आता. प्राचार्यांना यातलं काही कळतही नाही, कारण कोणत्या बिरादरीला कोणता दाखला लागतो हे त्यांनी कुठून जाणावं? समितीत बसलेला एखादा निवृत्त नायब तहसीलदार किंवा अव्वल कारकून उठून सांगू शकतो की साहेब, प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी कॉलेजातच दाखल्यांचं शिबिर लावा, कागद मी तपासून देतो. यात पैसा लागत नाही. लागतो तो अनुभव, आणि तो आपल्या मोहल्ल्यांत निवृत्त होऊन घरी बसला आहे.

गोंदियात अशी माणसं कमी नाहीत. हे मोठं रेल्वे जंक्शन. रेल्वेच्या हिशोब खात्यात आयुष्य काढलेला माणूस कॉलेजचं अंदाजपत्रक तासाभरात वाचून कुठे काय लपलंय ते सांगेल. हा धानाचा जिल्हा. राइस मिल, गोदाम, वाहतूक, गॅरेज, बांधकाम या धंद्यातल्या लोकांनी ठरवलं तर ऑन जॉब ट्रेनिंगचा प्रश्न कितीतरी हलका होईल. बी.कॉम.ची मुलगी मिलच्या ऑफिसात जीएसटीचं काम शिकू शकते, बी.एस्सी.चा मुलगा धान्याची आर्द्रता आणि प्रत तपासायला शिकू शकतो. पण कोणत्या मिलला किती मुलं चालतील, मुलींच्या येण्याजाण्याचं काय, हे नागपूरच्या परिपत्रकात लिहिलेलं नसतं. ते गावातल्याच माणसाने प्राचार्यांच्या कानावर घालावं लागतं.

बाहेरच्या माणसाने शिक्षणात काय करायचं, असं विचारणाऱ्यांनी गोंदियाचाच इतिहास आठवावा. १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली ती मनोहरभाई पटेल यांनी. ते बिडी उद्योगातले, प्राध्यापकी पेशाशी त्यांचा संबंध नव्हता. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. आज विद्यापीठ अनुदान आयोगही हेच मान्य करतो. २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून आपल्या क्षेत्रातला दीर्घ अनुभव असलेल्या माणसाला पदवीची अट न लावता शिकवायला बोलावता येतं, मानद म्हणूनही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच इतिहासात आहे. अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजचे कर्ताकरविता सर सय्यद. माणूस किती मोठा, हे सांगायला नको. पण १८८९ मध्ये ट्रस्टींचे नियम करताना आपल्यानंतरची जबाबदारी मुलाकडे, सय्यद महमूद यांच्याकडे जावी अशी तजवीज त्यांनी केली आणि मौलवी समीउल्लाह खान यांच्यासारखा सुरुवातीपासूनचा सोबती दुरावला. पुढे १८९५ मध्ये कॉलेजच्या हेडक्लार्कने लाखाच्या वर रक्कम गिळल्याचं उघडकीला आलं. त्या काळचे लाख रुपये! ट्रस्टी होते, बैठका होत्या, पण हिशोबाची वही उघडून विचारणारं कोणी नव्हतं. सर सय्यदांच्या अखेरच्या वर्षांवर त्याचं सावट राहिलं.

आजच्या समित्यांतही धोका तोच. बाहेरची चार माणसं म्हणून अध्यक्षांचे नातेवाईक, व्यापारी मित्र किंवा पक्षाचे कार्यकर्ते बसवायचे आणि रजिस्टर सहीसाठी घरी पाठवायचं, हे कायद्याच्या शब्दांत बसतं, पण प्राचार्यांच्या काही कामाचं नाही. आणि आपला माणूस गेला तर तो वेगळं वागेलच, याचीही काही खात्री नाही, बरं का! भाच्याला सीएचबीवर लावा, कँटीनचा ठेका द्या, अमक्याच्या मुलाची हजेरी भरून टाका, असली कामं घेऊन जाणारा सल्लागार प्राचार्यांसाठी आणखी एक डोकेदुखीच. जमातीने नाव सुचवताना श्रीमंती किंवा आवाज बघू नये. माणूस वर्षातल्या चारही बैठकांना जाईल का, कागद वाचून जाईल का, खासगी काम सांगणार नाही ना, एवढं बघावं. शक्य असेल तर पदव्युत्तर शिकलेली एखादी बहीण सुचवावी. मुली कॉलेज का सोडतात हे तिला पुरुषांपेक्षा जास्त कळतं, आणि मुलीही तिच्याशीच बोलतील.

नेमणूक व्यवस्थापनाच्या हातात आहे, हक्क म्हणून खुर्ची मागता येत नाही. पण प्राचार्यांना भेटून तीन-चार नावं आणि प्रत्येकजण नेमकं काय करू शकेल याचा एक कागद देता येतो. माजी विद्यार्थ्याची जागा तर कायद्यानेच राखलेली आहे, आणि आपले माजी विद्यार्थी प्रत्येक कॉलेजचे आहेत. आधीची समिती काय करत होती हे बघायचं असेल तर बरीच महाविद्यालयं नॅकसाठी बैठकांचे वृत्तांत संकेतस्थळावर टाकतात. नसतील तर अनुदानित कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात.

कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्यानंतर लगेच बनलेल्या समित्यांची पाच वर्षं २०२२ च्या आसपास संपली, त्या वेळी आपल्यापैकी कोणी चौकशी केली नाही. दुसरी मुदत २०२७ च्या सुमारास संपते. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात नेमकी तारीख कोणती, हे ऑफिसात जाऊन आत्ताच विचारून ठेवावं, म्हणजे नावं वेळेत देता येतील.