नोंद सभासदाची, जबाबदारी कारखान्याची



आपण दिलेली लागणीची नोंद गट कार्यालयात संगणकावर चढते. पण पुष्कळदा ती फाईल त्या एकाच संगणकात पडून राहते. गेल्या हंगामाआधी एका गटाचा संगणक बंद पडला आणि चिटबॉयच्या वहीवरून सगळे पुन्हा उतरवावे लागले. आडसाली कोणाची, सुरू कोणाची, यावरून तोडीच्या पाळीचे तंटे झाले. तोड लांबली की तुरा आलेल्या उसाचे वजन घटते, खोडवाही मागे पडतो. हे नुकसान कारकुनाचे नव्हे, आपले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक फाईल मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरच ठेवण्याची सक्ती करावी. रोज रात्री तिची दुसरी प्रत निघावी व ती वेगळ्या इमारतीत राहावी. लागणीची तारीख कोणी, केव्हा बदलली, हेही त्यात दिसावे.

कर्मचारी म्हणतात, "लाईट नसते, मग काम थांबवायचे का?" त्यांचे खरे आहे. बॅटरीची सोय कारखान्याने करावी. मात्र फाईल त्याच दिवशी चढलीच पाहिजे. "माझी फाईल माझ्याकडे" हे आता चालायचे नाही.

आपणही नोंदीची पावती जपून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी