आधी घरात दुसरी डिस्क, मग क्लाउड

घरच्या संगणकात जागा उरली नाही की हल्ली नवा संगणक घ्या किंवा क्लाउडवर जागा भाड्याने घ्या, असंच सांगितलं जातं. डेस्कटॉपमध्ये आणखी एक हार्ड डिस्क बसवणं फारसं कुणी सुचवत नाही. माझ्या मते घरातल्या फोटो-व्हिडिओंचा पहिला मुक्काम तिथेच हवा. गूगलने 1 जून 2021 पासून फोटोंची अमर्याद मोफत साठवण बंद केली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून 15 जीबी मिळतात. फोनवरचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी खातो, म्हणजे लग्नाचं पाऊण तासाचं चित्रण झालं की ती जागा भरली. पुढे कायमचं भाडं. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं धोरणही गूगलने 2023 मध्ये जाहीर केलं. खातेदार गेला आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसला, तर घरच्यांच्या हाती काय उरतं, हा प्रश्न मला भाड्यापेक्षा मोठा वाटतो.

डिस्क बसवण्याची भीती वाटते तेवढं ते काम अवघड नाही. प्लग काढायचा, डिस्क कॅबिनेटमध्ये स्क्रूने घट्ट करायची, डेटाची म्हणजे साटाची केबल मदरबोर्डला आणि दुसरी पॉवर सप्लायला जोडायची. अडतं ते त्यानंतर. नवी कोरी डिस्क विंडोजमध्ये लगेच दिसत नाही, आणि ती खराबच निघाली असं वाटू लागतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइज आणि फॉरमॅट करावी लागते. तिथे डिस्कच्या विभागणीसाठी जीपीटी ही पद्धत निवडावी. जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. चुकून जुनी डिस्क फॉरमॅट होऊ नये, म्हणून क्षमता वाचूनच पुढे जावं.

डिस्कही बिघडते, हा आक्षेप खरा आहे. शिवाय विजेचा झटका बसला किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. पण म्हणून डिस्क बसवूच नये असं ठरत नाही. आणखी एक प्रत हवी, एवढंच ठरतं. ती यूएसबी डिस्कवर बहीण-भावाच्या घरी ठेवावी किंवा निवडक फोटोंपुरती क्लाउडवर. क्लाउडला माझा विरोध नाही, एकमेव प्रत तिथे असण्याला आहे. फोनमधले फोटो दर महिन्याला उतरवून घेण्याचे कष्ट मात्र टळत नाहीत. आणि काही छोट्या डेस्कटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नसते, तेव्हा खरेदीआधी झाकण उघडून साटाचं रिकामं पोर्ट आणि पॉवरची मोकळी केबल आहे ना, ते पाहून घ्यावं.