आयटीवाल्यांच्या घरी स्क्रूड्रायव्हर का नाही?

सिंगापुरातल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला जा. पंगतीतले निम्मे तरी 'आयटीत' असतात. क्लाउडवर बोलतील, सायबर सुरक्षेवर बोलतील, मुलगा दहा वर्षांचा असेल तर त्याच्या कोडिंगच्या क्लासवर हमखास बोलतील. पण घरातल्या कॉम्प्युटरचं झाकण कधी उघडलंय का, असं विचारून बघा. "छे हो, कोण त्या भानगडीत पडणार? तयारच आणला." हे 'तयारच आणला' मला अनेक वर्षं खटकतंय. का खटकतं, ते आज सरळ सांगतो.

आधी जागेबद्दल. रोचोरला १९८७ पासून सिम लिम स्क्वेअर उभं आहे. वरच्या मजल्यांवर सुट्या भागांची दुकानं आहेत. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पंखे, रिकाम्या पेट्या, जे हवं ते मिळतं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आठवेल, पुणेकरांना तपकीर गल्ली. फरक एवढाच, की इथे एसी आहे आणि डोक्यावर वायरींचं जाळं लोंबत नाही. आपली मंडळी दर शनिवारी टेक्का मार्केटात मेथी, कोथिंबीर आणि कढीपत्ता घ्यायला जातात. तिथून सिम लिम चालत जेमतेम दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं मात्र आपल्याला जड होतात.

कारण विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तिथे फसवतात." २०१४ चं प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आहे. एका व्हिएतनामी पर्यटकाने ९५० डॉलरला आयफोन घेतला आणि वॉरंटीच्या नावाखाली त्याच्याकडे आणखी १५०० डॉलर मागितले गेले. बिचारा दुकानात गुडघे टेकून रडला, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पुढे काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. त्या दुकानाच्या मालकाला २०१५ मध्ये ३३ महिन्यांची कैद झाली.

फसवणूक झाली ती नेमकी कुठे, हेही बघा. भाव ठाऊक नसलेला माणूस आला आणि समोरच्याने सांगितलेल्या कागदावर सही करून बसला. सुट्या भागांचं तसं नसतं. प्रत्येक भागाला मॉडेल नंबर असतो. तोच नंबर तिसऱ्या मजल्यावर विचारा, पाचव्यावर विचारा, पाच-दहा डॉलरच्या फरकाने भाव कळतो. जो अभ्यास करून जातो, त्याला फसवणं अवघड असतं. आणि आपण तर अभ्यासू म्हणून मिरवणारे लोक!

शिवाय इथला कायदा आपल्या बाजूने आहे. सप्टेंबर २०१२ पासून सिंगापुरात 'लेमन लॉ' लागू आहे. वस्तू हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो मुळातच होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे दुकानदाराने सिद्ध करायचं. माझ्या दुसऱ्या मशीनचा पॉवर सप्लाय चौथ्या महिन्यात गेला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला असेल, तुम्हीच चुकीचा लावला असेल." मित्राचा पॉवर सप्लाय दोन तासांसाठी आणून जोडला, मशीन सुरू झालं, त्याचा फोटो दुकानात दाखवला. बदली मिळाली. कायदा कामी आलाच, पण आधी कामी आलं ते झाकण उघडण्याचं ज्ञान. दोष कशात आहे हे ज्याला दाखवता येतं, त्याच्याच तक्रारीला वजन असतं. बंद डबा घेणाऱ्याने काउंटरवर उभं राहून 'चालत नाही' यापलीकडे काय सांगायचं?

दुसरा आक्षेप: "आता स्वस्त कुठे पडतं?" मान्य. मुळीच पडत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी गिळायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव ऐकून घाम फुटतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच मायक्रॉनचे फ्लॅश मेमरीचे अवाढव्य कारखाने इथे, वुडलँड्सच्या बाजूला आहेत. एआयसाठी लागणाऱ्या मेमरीच्या नव्या कारखान्याची पायाभरणीही जानेवारी २०२५ मध्ये इथेच झाली. म्हणजे चिप आपल्या बेटावर बनते, आणि घरी मशीन जोडणारा माणूस कंपनीच्या हिशोबात उरत नाही.

पण याचा अर्थ 'मग तयारच घ्या' असा होत नाही. उलट होतो. आजकालच्या बहुतेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते. आज पैसे नाहीत म्हणून कमी घेतली, तर ती जन्मभर तेवढीच. जोडलेल्या मशीनमध्ये आज एक पट्टी लावा, भाव उतरले की दुसरी लावा. पेटी, पॉवर सप्लाय, एसएसडी आणि पंखे पुढच्या मशीनलाही चालतात. महागाईच्या दिवसांत जुनं वापरता येणं हीच खरी बचत, हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं. तयार डब्याचं एक बिघडलं की सगळंच टाकायचं. जुलै २०२१ पासून इथे ई-कचरा गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे. उत्तम झालं. पण कचरापेटीत नीट टाकलेला कॉम्प्युटरही टाकलेलाच असतो.

तिसरा आक्षेप: "वेळ नाही." एक दुपार लागते हो. नव्या प्रोसेसरला पिना नसतात, त्या मदरबोर्डच्या सॉकेटात असतात. तिथे बोट लावायचं नाही आणि जोर करायचा नाही. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. रॅमचा पूर्ण वेग बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, नाहीतर भरलेल्या पैशांपेक्षा कमी वेगाने चालते. ग्राफिक्स कार्ड घेऊन मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांतले दोघे आर्किटेक्ट होते, तेही सॉफ्टवेअरचे! यात अवघड असं काही नाही. सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे पेटीच्या पुढच्या बटनाच्या बारक्या वायरी. त्यांना चष्मा आणि संयम लागतो, डिग्री लागत नाही.

मग खरी अडचण कुठे आहे? वेळेत नाही, पैशात नाही. अडचण आपल्या डोक्यात आहे. डोक्याचं काम प्रतिष्ठेचं आणि हाताचं काम 'त्या लोकांचं', ही समजूत आपण लोणच्याच्या बरण्यांबरोबर इथवर घेऊन आलो. नव्वदच्या दशकात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पहिला कॉम्प्युटर 'असेंबल्ड' होता. कॉलनीतला कुणीतरी पोरगा सुटे भाग आणून जोडून द्यायचा. त्या पेटीवर आपण सी शिकलो, त्या पेटीने आपल्याला विमानात बसवलं. आणि आता त्या पोराचं काम आपल्या मुलांनी करावं, हे आपल्याला कमीपणाचं वाटतं.

मुलींच्या बाबतीत तर बोलायलाच नको. मुलाने हट्ट केला तर निदान 'गेमिंग पीसी'ची चर्चा होते. मुलीच्या हातात टॅब्लेट दिला की विषय संपला. तिला स्क्रूड्रायव्हर धरता येतो का, हे कुणी विचारतच नाही.

पडद्यावर मांजर नाचवायला शिकवणाऱ्या क्लासला आपण महिन्याला शेकडो डॉलर देतो. त्याच मुलांना वीज कुठून येते, उष्णता कुठे जाते, कुठला भाग बिघडला हे कसं शोधायचं, हे ठाऊक नसतं. ही मुलं उद्या अशा जगात वाढणार आहेत, जिथे कंपनी सांगेल तेवढंच यंत्र उघडेल, आणि हळूहळू यंत्र विकत नव्हे, भाड्यानेच मिळेल. उघडून बघायची सवय असलेली माणसंच अशा वेळी 'का?' असं विचारतात. बाकीचे दर महिन्याचं भाडं भरतात.

म्हणून मंडळी, येत्या सुट्टीत नवा लॅपटॉप घेण्याआधी एवढं करा. टेक्काची भाजी आटोपली की मुलीला, मुलाला घेऊन सिम लिमचा सरकता जिना चढा. भावाचे कागद गोळा करा. यादी त्यांनाच करू द्या, घासाघीसही त्यांनाच करू द्या. घरी आल्यावर स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला बसून चहा प्या. पहिल्यांदा बटन दाबल्यावर बहुधा काहीच होणार नाही. लगेच उठून मदतीला धावू नका. पॉवर सप्लायच्या मागे एक छोटा स्विच असतो, तो त्यांना सापडू दे.