विश्लेषण : तीन मीटरची मिनी आजही सात लिटरच्या गाडीला कशी गाठते?

इंग्लंडमधील गुडवूड येथे दर सप्टेंबरमध्ये ‘रिव्हायव्हल’ हा जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा सोहळा भरतो. साठच्या दशकातल्या सलून गाड्या ट्रॅकवर उतरल्या की सात लिटर इंजिनाच्या अमेरिकी फोर्ड गॅलक्सीमागे जेमतेम तीन मीटर लांबीची मिनी कूपर चिकटलेली दिसते. प्रेक्षकांना हीच लढत हवी असते. मात्र या छोट्या गाड्यांनीच ‘जुनी’ म्हणायचे तरी कशाला, हा वादही उभा केला आहे.

ऐतिहासिक शर्यत म्हणजे नेमके काय?

मुंबई-पुण्यात व्हिंटेज गाड्यांची रॅली निघते, तशी ही मिरवणूक नव्हे. येथे गाड्या पूर्ण वेगाने पळतात, एकमेकींना घासतात, कधी उलटतातही. गाडी जुन्या काळातली हवी, तसेच तिचे इंजिन, ब्रेक, चाकांचे मापही त्या काळच्या नियमांत बसायला हवे. ‘एफआयए’ या जागतिक संघटनेच्या ‘अपेंडिक्स के’ या नियमावलीत गाड्यांचे कालखंड ठरवून दिले आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी प्रत्येक गाडीला तांत्रिक पासपोर्ट मिळतो. गुडवूडचा ट्रॅक १९४८ ते १९६६ या काळात शर्यतींसाठी वापरात होता. रिव्हायव्हल १९९८ मध्ये सुरू झाले आणि तेथे त्याच काळातल्या गाड्या धावतात.

मिनी शर्यतीत आली कशी?

ती शर्यतीसाठी जन्मलीच नव्हती. १९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. कमी इंधन पिणारी, पण चौघांना नीट बसता येईल अशी गाडी बनवण्याचे काम अॅलेक इसिगोनिस यांच्याकडे आले. त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला, पुढची चाके चालती केली आणि दहा इंचांची चाके चार कोपऱ्यांत नेली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ८४८ सीसीची मिनी बाजारात आली.

शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिच्यातली चपळाई हेरली. १९६१ मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली, पुढे १२७५ सीसीची ‘कूपर एस’. त्याच १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर यांनी मिनी चालवून ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद पटकावले. मॉन्टे कार्लो रॅली तर मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. १९६६ मध्येही पहिले तीन क्रमांक मिनींचेच होते, पण हेडलाइटचे दिवे नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही बाद ठरल्या आणि विजेतेपद सिट्रोएनला गेले.

यात एक गोष्ट विसरता कामा नये. व्हिटमोर यांच्या वेळी अजिंक्यपदाचे गुण इंजिनाच्या गटानुसार मिळत. १९६४ च्या मॉन्टे कार्लोतही लहान इंजिनांना हिशेबात सवलत होती. म्हणजे मिनीच्या दंतकथेत नियमांचा वाटा होताच. आज गुडवूडला मात्र जो आधी रेषा ओलांडेल तो पुढे.

मग मोठ्या गाडीला ती गाठते कशी?

उत्तर वजनात आहे. मिनी साधारण साडेसहाशे किलोची, तर गॅलक्सी दीड टनाहून जड. सरळ रस्त्यावर गॅलक्सी भुर्रकन निघून जाते. वळण आले की तिला फार आधी ब्रेक मारावा लागतो. मिनीचा चालक कितीतरी उशिरा ब्रेक मारतो आणि वेग फारसा न घालवता वळण घेतो. जुन्या पद्धतीच्या टायरांची पकड मर्यादित असते. जड गाडी ती लवकर संपवते, शिवाय शर्यत लांबली की तिचे ब्रेकही तापतात. पावसात तर मिनीचे फावतेच, कारण तेथे जास्त ताकद असून उपयोग नसतो, ती रस्त्यावर उतरवता आली पाहिजे.

छोट्या गाड्यांचे महत्त्व एवढेच का?

नाही. या खेळाचा पाया त्यांच्यावर उभा आहे. जुन्या फेरारीची किंमत कोटींच्या घरात. ती ठोकली तर नुकसान कोण सोसणार? मिनी, ऑस्टिन ए३५, इटलीत फियाटवरून बेतलेल्या अबार्थ या गाड्या त्या मानाने आवाक्यातल्या. मिनी तर २००० सालापर्यंत बनत होती आणि एकूण ५० लाखांहून अधिक तयार झाल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि त्या जाणणारे मेकॅनिकही आहेत. छोट्या गाड्या नसत्या तर हा खेळ मूठभर श्रीमंतांपुरताच उरला असता.

वाद कशावरून आहे?

सुटे भाग सहज मिळतात, हीच अडचणही आहे. मिनीचा सांगाडाही आज जुन्या साच्यांवर नव्याने बनवून मिळतो. कूपर एसचे १२७५ सीसी इंजिन कारखान्यातून ७६ अश्वशक्तीचे निघे. शर्यतीसाठी तयार केलेले तेच इंजिन आज शंभरी सहज ओलांडते. सांगाडा नवा, इंजिन नव्याने घडवलेले, उरली ती फक्त नंबरप्लेट, अशी गाडी साठच्या दशकातली म्हणायची का?

‘एफआयए’चा पासपोर्ट गाडी त्या काळच्या मापात बसते एवढेच सांगतो, तिच्या अस्सलपणाची हमी देत नाही. एका बाजूचे म्हणणे असे, की शर्यतीत मोडणारी वस्तू बदलावीच लागते, १९६४ मध्येही बदलत होते. दुसऱ्या बाजूचा सवाल असा, की खरी जुनी गाडी जपून चालवणाऱ्याने नव्या कोऱ्या ‘जुन्या’ गाडीपुढे कायम मागेच राहायचे का? तसे झाले तर अस्सल गाड्या संग्रहात बंद होतील आणि ट्रॅकवर प्रतिकृतीच उरतील.

इंधनाचेही तेच. २०२४ च्या रिव्हायव्हलमध्ये सर्व शर्यती किमान ७० टक्के शाश्वत घटक असलेल्या इंधनावर झाल्या. टाकीत नवे इंधन आले, आवाज तोच राहिला. यात खेळ टिकवण्याची गरज दिसते.

भारतात अशा गाड्या धावू शकतील?

चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी मोटारशर्यती गाजत. कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० ही आपली छोटी जुनी गाडी. मात्र २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

म्हणजे शर्यतीसाठी जे करावे लागते, नेमके तेच केल्यास आपल्याकडे ही ओळख मिळत नाही. आपला नियम मूळ वस्तू जपतो, तर गुडवूड तिचे धावणे जपते. दोन्ही एकाच गाडीत साधणे कठीण आहे. म्हणून येथे कधी ऐतिहासिक शर्यती सुरू करायच्या झाल्या, तर काय जपायचे आहे हे आधी ठरवावे लागेल.