ऊबदार रहस्यकथा आणि वाचकाची स्मृती : ‘थ्री पाइन्स’ मालिकेच्या निमित्ताने

रहस्यकथेविषयी विद्यापीठीय समीक्षेचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. रहस्य उलगडले की कृतीचे प्रयोजन संपते, म्हणून तिच्यात पुनर्वाचनाला वाव नाही. शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते, म्हणून ती वाचकाला अस्वस्थ करीत नाही. आणि अस्वस्थ करीत नाही, म्हणून ती गंभीर वाङ्मय नव्हे, असा हा युक्तिवाद असतो. एकट्या रहस्यकादंबरीपुरता तो बऱ्याच अंशी ग्राह्य मानता येईल. परंतु एकाच स्थळी, त्याच माणसांमध्ये, एकामागून एक घडणाऱ्या कथांच्या मालिकेला तोच युक्तिवाद लावणे ही पद्धतीची चूक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लुईस पेनी या कॅनडियन लेखिकेच्या ‘थ्री पाइन्स’ मालिकेच्या आधारे हे मत येथे मांडावयाचे आहे.

इंग्रजीत ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथेला आपण ‘ऊबदार रहस्यकथा’ म्हणू. लहानसा, परस्परांना ओळखणारा समाज. पडद्याआड घडणारी हत्या. रक्तपाताच्या वर्णनापेक्षा शेकोटी, न्याहारी आणि गप्पांना मिळणारी अधिक जागा. आणि अखेरीस उलगडा, ही तिची लक्षणे होत. अशा लेखनाचा गौरव करणारे ‘मॅलिस डोमेस्टिक’ हे संमेलन अमेरिकेत १९८९ पासून भरते आणि तेथे अगाथा ख्रिस्तीच्या नावाने पुरस्कार दिले जातात. या प्रकाराला डोंगराळ, आडवाटेच्या अतिथिगृहाचे विशेष आकर्षण वाटत आले आहे. बर्फाने वाटा बंद झालेले अतिथिगृह ही ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ (१९५२) या नाटकाचीही भूमी आहे. परस्परांना अपरिचित माणसे एका छपराखाली येण्यास अतिथिगृह स्वाभाविक कारण पुरविते आणि हवामान त्यांची वाट अडविते, ही झाली तांत्रिक सोय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यजमानाने अतिथीला दिलेले अभय. अतिथिगृहातील हत्या ही केवळ एका व्यक्तीची हत्या नसते; तो अतिथिधर्माचाही भंग असतो. आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ मध्ये ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात या प्रकाराची जी मीमांसा केली, ती आजही प्रमाण मानली जाते. ऑडेनच्या मते हत्येपूर्वी हा समाज निरागस, जवळजवळ स्वर्गीय असला पाहिजे. हत्येमुळे प्रत्येकावर संशयाची सावली पडते. गुन्हेगार दूर झाला की इतर सारे निर्दोष ठरतात आणि वाचकालाही आपण निर्दोष असल्याचा दिलासा मिळतो. याच निबंधात तो प्रांजळपणे सांगतो, की अशी कथा वाचून संपताच आपण ती विसरतो आणि पुन्हा वाचण्याची इच्छा आपल्याला होत नाही. माझ्या दृष्टीने ऑडेनच्या मीमांसेचे मर्म या कबुलीत आहे. निरागसता परत मिळवावयाची तर विसरावे लागते. विस्मरण हा येथे वाचकाचा दोष नसून प्रकाराची अट आहे.

मालिका नेमकी हीच अट मोडते. क्युबेक प्रांताच्या दक्षिणेस, अमेरिकेच्या सरहद्दीलगतच्या डोंगराळ मुलखात पेनीने थ्री पाइन्स हे काल्पनिक खेडे वसविले. ते नकाशावर सापडत नाही. बहुतेकांना ते वाट चुकल्यावरच सापडते. अमेरिकन राज्यक्रांतीच्या काळात इंग्लंडच्या राजाशी निष्ठावंत राहिलेले लोक उत्तरेकडे पळून आले, तेव्हा येथे तुम्ही सुरक्षित आहात ही खूण म्हणून पाइनची तीन झाडे लावली गेली, अशी गावाच्या नावाची कथा आहे. म्हणजे हे गाव मुळातच एक आश्रयस्थान आहे. ऑलिव्हिए आणि गाब्री या जोडप्याचे उपाहारगृह आणि त्यांचे निवास-न्याहारीचे घर हे त्याचे हृदय. ‘स्टिल लाइफ’ (२००५) या पहिल्या कादंबरीपासून २०२५ पर्यंत मालिकेत वीस कादंबऱ्या आल्या. तपास करणारा आर्मां गामाश हा क्युबेकच्या पोलीस दलातील हत्या-तपास विभागाचा प्रमुख आहे. हौशी शोधक नव्हे. तरीही या मालिकेतील पुस्तकांना अगाथा पुरस्कार वारंवार मिळाले, यावरून तिचे वाचक तिला कोणत्या कुळात बसवितात हे स्पष्ट होते.

एवढ्याशा गावात इतक्या हत्या कशा, हा आक्षेप कोणीही घेईल. वास्तवाच्या निकषावर तो बिनतोड आहे. पण त्याचा वाङ्मयीन परिणाम पाहिला पाहिजे. दुसऱ्या हत्येच्या वेळी पहिल्या हत्येची आठवण गावकऱ्यांना आहे आणि वाचकालाही आहे. ज्या टेबलाशी बसून आज कॉफी प्यायली जाते, तेथे गेल्या पुस्तकातील मृत व्यक्ती बसत असे. ऊब कायम राहते. निरागसता मात्र परत येत नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मिळणारा दिलासा पुढील पुस्तकाच्या आरंभी अपुरा ठरतो. एकेक पुस्तक ऑडेनच्या चौकटीत बसते. मालिका बसत नाही.

चौथी कादंबरी ‘द मर्डर स्टोन’ (२००८) गावाबाहेर, अरण्यातील सरोवराकाठच्या मान्वार बेलशास या अतिथिगृहात घडते. ओंडक्यांची ही वास्तू एके काळी धनिकांच्या शिकारीसाठी उभी राहिली होती. आजची मालकीण मादाम द्युब्वा तेथे शिकार होऊ देत नाही. लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस साजरा करण्यासाठी गामाश आणि रेन-मारी हे पती-पत्नी तेथे उतरले आहेत. एका श्रीमंत इंग्रजीभाषक कुटुंबाचा मेळावाही तेथेच भरला आहे आणि दिवंगत कुटुंबप्रमुखाचा पुतळा उभारला जाणार आहे. पुढे तोच पुतळा कुटुंबातील एकीचा प्राण घेतो. स्थळ, हवा, खाद्यपदार्थ, बंदिस्त मंडळी असे ऊबदार रहस्यकथेचे सारे साहित्य येथे आहे. मात्र शिकार थांबविलेल्या या घरात माणसे परस्परांची शिकार करीत राहतात, आणि तीही मुख्यतः शब्दांनी. जखमा बालपणीच्या आहेत. हत्येचा उलगडा झाल्याने त्या भरत नाहीत.

मालिकेची खरी कसोटी मात्र पाचव्या आणि सहाव्या कादंबरीत लागते. येथे कथानकाचा काही भाग उघड करणे अपरिहार्य आहे. ‘द ब्रूटल टेलिंग’मध्ये (२००९) ऑलिव्हिएच्या उपाहारगृहात एका अनोळखी माणसाचे प्रेत सापडते. हळूहळू कळते, की हा माणूस रानातील झोपडीत एकांतात राहत होता. ऑलिव्हिए त्याला रात्री शिधा पोहोचवीत असे आणि मोबदल्यात दुर्मीळ वस्तू मिळवीत असे. त्या माणसाने झोपडी सोडू नये म्हणून तो त्याला जवळ येऊन ठेपलेल्या अरिष्टाच्या कथा सांगत असे. गावात नवे हॉटेल काढू पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वास्तूत प्रेत नेऊन टाकण्यापर्यंत त्याची मजल जाते. सर्वांना ऊब देणारा यजमानच एका आश्रिताला भयाने बांधून ठेवणारा निघतो आणि हत्येबद्दल दोषी ठरतो.

यजमान भयाची कथा सांगून श्रोत्याला शेकोटीपाशी खिळवून ठेवतो. रहस्यकथाकार वाचकाच्या बाबतीत दुसरे काय करतो? बाहेर भय आहे, आत ऊब आहे, तेव्हा आतच बसावे, हे या प्रकाराचे मूलभूत आवाहन होय. ते निर्हेतुक नसते आणि त्यात सांगणाऱ्याचा लाभ असतो, ही जाणीव त्याच प्रकारातील एका कादंबरीने कथानकातूनच करून द्यावी, ही गोष्ट सामान्य नाही. आपण ज्याला निव्वळ रंजन म्हणून बाजूला सारतो, त्यात स्वतःच्या रंजनाची चिकित्सा करण्याची शक्ती असू शकते.

त्यापुढचे पाऊल ‘बरी युअर डेड’मध्ये (२०१०) पडते. ऑलिव्हिए तुरुंगात आहे आणि गाब्री रोज गामाशला पत्र पाठवून एकच शंका विचारतो, की ऑलिव्हिएने हत्या केली असेल तर तो प्रेत कशासाठी हलवील? अखेर गामाश आपल्या सहकाऱ्याला, बोव्वारला, पुन्हा गावात पाठवितो. तपास नव्याने होतो आणि निकाल फिरतो. ज्या उलगड्यावर वाचकाने पाचव्या पुस्तकाच्या शेवटी विश्वास ठेवला, तो चुकीचा होता. एकट्या कादंबरीत शोधकाचा निष्कर्ष हा अंतिम शब्द असतो. येथे तो पुनर्विचारास खुला राहिला. पुढेही ऑलिव्हिए परत येतो, पण गामाशला क्षमा करणे त्याला जड जाते. न्याय मिळाल्यानंतरही उरणारी ही कटुता पुस्तकांच्या सीमा ओलांडून वाहते. पाचवे पुस्तक एकटे वाचणाऱ्याला ती दिसणार नाही. सहावे एकटे वाचणाऱ्याला तिचे वजन कळणार नाही.

याचा अर्थ ही मालिका निर्दोष आहे असा नव्हे. खाद्यपदार्थांची वर्णने पुष्कळदा अलंकारापुरतीच राहतात. पात्रांच्या लकबी ठरीव होतात. उत्तरोत्तर कथानकांचा विस्तार वाढत जातो; ‘द ग्रे वुल्फ’मध्ये (२०२४) तर मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यावर संकट येते, आणि अतिथिगृहाच्या मर्यादित अवकाशात जो नैतिक ताण निर्माण झाला होता तो विरळ होतो. मालिकेचे अर्थकारण लेखकाला थांबू देत नाही, हेही खरे. परंतु हे दोष दाखवावयाचे तरी संपूर्ण मालिका डोळ्यांसमोर असावी लागते. कृतीचे एकक ठरविल्याशिवाय गुणांचा आणि दोषांचाही निर्णय करता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या चर्चेचे प्रयोजन काय? बाबुराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे वाचकांनी वर्षानुवर्षे सोबत बाळगली. अर्नाळकरांचा विषय निघाला की आपण आकडा सांगतो आणि थांबतो. आकडा हा गौरव असेल, समीक्षा नव्हे. झुंजारकथा अनुक्रमाने वाचल्या तर नायकाला आपल्या मागील साहसांची आठवण राहते का? त्याच्या घराची, सहकाऱ्यांची, शत्रूंची स्मृती साठत जाते, की प्रत्येक कथा पाटी पुसून सुरू होते? यांपैकी काहीही सिद्ध झाले तरी तो निष्कर्ष उपयुक्त ठरेल. कारण पुसली जाणारी पाटी हीदेखील वाचकाशी केलेल्या एका कराराची खूण असते. पेनीची मालिका ही अर्नाळकरांना लावावयाची फूटपट्टी नव्हे. भिन्न समाज, भिन्न प्रकाशनव्यवस्था आणि भिन्न वाचक यांचे भान ठेवलेच पाहिजे. प्रश्न विचारण्याची रीत मात्र तिच्यापासून घेता येईल.

त्यासाठी पहिली गरज संपूर्ण संचांची आहे. ग्रंथालयात मालिकेतील सुटी, फाटकी पुस्तके असणे आणि अनुक्रमाने लावलेला संच असणे यांत संशोधनाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. हलक्या कागदावर छापलेली ही पुस्तके हाताळून झिजतात आणि एकदा गेली की परत मिळत नाहीत. दुसरी गरज आपल्या वाचनाच्या सवयीत बदल करण्याची. लोकप्रिय साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रातिनिधिक म्हणून दोन पुस्तके निवडावीत आणि उरलेल्यांविषयी अनुमान करावे, ही प्रथा मालिकेच्या बाबतीत सोडून द्यावी लागेल. जे लेखन स्मृतीवर उभे आहे, त्याचा अभ्यास विसरून करता येणार नाही.