‘अंदाजे’ या शब्दाची नालस्ती

आज जरा भांडायलाच बसले आहे.

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. तो संगणकातला. हजारो यंत्रांवरून वाहणाऱ्या माहितीत सर्वांत जास्त वेळा काय आले ते शोधायचे, आणि तेही अंदाजे, हे त्याचे काम. ‘अंदाजे’ ऐकताच आमचे एक निवृत्त सहकारी म्हणाले, "म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! आमच्या वर्गात असं चाललं नसतं." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

कारण काटेकोर मोजून चुकलेले मी पाहिले आहे. 1986 च्या सुमारास आमच्या भागातल्या सहा शाळांनी शुद्धलेखनाच्या चुका मोजायचे ठरवले. प्रत्येक शाळेने 200 चुका तपासून आपल्या पहिल्या पाच कळवायच्या. मोजणी अगदी चोख, बरं का! एकत्र यादीत पहिली आली ती एकाच शाळेतली, 40 वेळा झालेली चूक. ‘कवियत्री’ यादीत नव्हतीच. ती प्रत्येक शाळेत सहावी होती, 25 वेळा. पंचवीस सक दीडशे! सगळ्यांत मोठी चूक सहाही दारांतून निसटली.

सगळ्या याद्या पूर्ण मागवता आल्या असत्या, म्हणाल. सहा शाळांच्या येतील. हजार यंत्रांच्या, कोट्यवधी नोंदींच्या मागवल्या तर वाटच तुंबेल.

जयदेव मिश्रा आणि डेव्हिड ग्रीस यांनी 1982 साली दिलेली रीत बघा. पाटीवर नऊच घरे आखा. आलेला शब्द पाटीवर असेल तर त्याचा आकडा एकने वाढवा. नसेल आणि घर रिकामे असेल तर तिथे लिहा. घर नसेल तर सगळ्या आकड्यांतून एकेक वजा करा, शून्य झालेला पुसा. दर वजाबाकीत दहा वेगवेगळे शब्द एकदम खर्ची पडतात, म्हणून ती एकूण शब्दांच्या दशांशाहून जास्त वेळा होऊच शकत नाही. दोन पाट्या एकत्र करायच्या तर सारख्या शब्दांचे आकडे मिळवायचे, दहाव्या क्रमांकाचा आकडा सर्वांतून वजा करायचा, उरतील ते ठेवायचे. मर्यादा तीच राहते. आमच्या 1200 चुकांचा दशांश 120. दीडशे वेळा आलेली ‘कवियत्री’ सुटणे शक्यच नव्हते!

पाटीवर एखादा फालतू शब्दही उरतो, हे कबूल. आकडाही खऱ्यापेक्षा कमी दिसतो. (कॉरमोड आणि मुथुकृष्णन यांची 2005 ची रीत उलट, ती कमी कधीच सांगत नाही, जास्त सांगू शकते.) पण किती चुकेन हे ही रीत आधीच सांगते. अंदाजपंचे म्हणायचेच तर आमच्या त्या चोख यादीला म्हणा. तिने चुकीची शक्यतासुद्धा कबूल केली नव्हती. आजही ‘टॉप टेन’ छापणारे कितीजण सांगतात, की मोजले कसे?

ती यादी फळ्यावर मीच लिहिली होती, सुवाच्य अक्षरात. वर्षभर सहाही शाळांत तिचीच उजळणी झाली. मुले ‘कवियत्री’ लिहीतच दहावीला बसली.