मारुंजीची माणसे आधी मोजा

सोसायटीच्या फाटकाशी टँकर लागतो, पाइप जमिनीखालच्या टाकीत सुटतो, टाकी भरली की टँकर निघून जातो. त्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे पाहायला परीक्षानळी आणि ऑर्थोटोलिडीनचे थेंब पुरतात. क्लोरीन असले तर पाणी पिवळसर होते. गावच्या नळाची ही 'ओटी टेस्ट' करणे जलसुरक्षकाचे काम. टँकरच्या पाण्याची कोण करतो?

हिंजवडीच्या आयटी पार्कने मुळशीतल्या मारुंजीचे रूप पालटले. जुन्या गावठाणाशेजारी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, बांधकाम मजूर पत्र्याच्या खोल्यांत आले. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला आरोग्य उपकेंद्र, साधारण हजारामागे एक आशा स्वयंसेविका, हा सरकारी निकष. पण लोकसंख्या धरायची ती २०११च्या जनगणनेची. त्यानंतर आलेला भाडेकरू त्यात नाही, मजूरही नाही. बिऱ्हाड हलले की बाळाच्या लसीचा पुढचा डोस चुकतो, आणि आशाताईंच्या वहीत त्या बाळाचे नावच नसते.

म्हणून आरोग्याचा आराखडा गावातच व्हायला हवा, आणि सगळ्यांनी मिळून. पुणे जिल्ह्याला हे नवे नाही. २००७मध्ये 'साथी' संस्थेच्या समन्वयाने आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होते. जनसुनवाईत गावकरी डॉक्टरांना समोरासमोर विचारत, औषध बाहेरून का आणायला लावले? अशा प्रश्नांनी कारभार हलतो, हा आमचा विश्वास आहे.

मारुंजीच्या ग्राम आरोग्य समितीत सोसायट्यांचे प्रतिनिधी आणि मजूर वस्तीतल्या बायका बसल्या पाहिजेत. समितीचा अबंधित निधी वर्षाला जेमतेम १०,००० रुपये. त्यात मोठे काम होणार नाही. शेजारच्या बड्या कंपन्यांना मात्र नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांनी एका दिवसाची शिबिरे आता थांबवावीत. शिबिरात रक्तदाब मोजून घेतलेल्या माणसाला पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार? त्याच पैशात परिचारिका नेमता येईल, पाणी तपासता येईल.

गाव महापालिकेत जाणार की नाही, ही चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. तोवर थांबायला वस्तीतल्या गरोदर बाईला सवड नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीने घरोघर, खोलीखोली मोजणी करावी आणि ती यादी सभेत वाचून दाखवावी. पत्र्याच्या खोल्यांपासून सुरुवात करावी.